मागची बाजू

मकरपुऱ्याच्या गोडाऊनचा पत्रा
अकरालाच तापून टकटक वाजायला लागलेला.
मी यादी काढली : लग्नाचं कपाट एक,
औषधी खणांचं मिळालं तर,
बाक नकोत, मागचे दोन अजून पडून आहेत.
खाली शेठच्या अक्षरात : पंचेचाळीसच्या वर जाऊ नये.

दिघेकाकांनी पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.
"बसा ने ताई, आधी चहा.
दीडशे वर्षं थांबलीत ही मंडळी,
दहा मिनिटं अजून थांबतील."

मंडळी भिंतीला पाठ लावून उभी होती.
शान्सीहून निघालेली, कुठल्याशा बंदरात घासूनपुसून,
मग कंटेनरच्या अंधारात मुंद्र्यापर्यंत.
शेवटचं, लाल, मला हवं होतं तेच.
मधोमध पितळेची वाटोळी चकती,
अर्धी या दारावर, अर्धी त्या.
आवडलं हे चेहऱ्यावर येऊ द्यायचं नसतं.
मी चहात बिस्किट बुडवलं.

"वळवा," म्हटलं.
जुनं घेताना पुढून बघून काही कळत नाही,
पुढून सगळेच नटून येतात.
पाठीवरच्या फळ्या एल्मच्या,
आपल्या वावळाची लांबची बहीण.
दोन बदललेल्या. खुंट्या जुन्या. स्क्रू नाही.
बॅटरी मारून खणांच्या पोटात पाहिलं,
नाक घातलं, बोट फिरवलं,
आणि पायाशी येऊन बोट थांबलं.
चारही पायांना खाली चार बोटं वेगळं लाकूड.

"विश्वामित्री," दिघेकाका म्हणाले.
"पुरात तीन दिवस पाणी बसून होतं इथं.
मगर तेवढी आली नाही."
कोपऱ्यात कांतिलाल खरादी केवड्याचं पान घडी करत होता.
मान वर न करता म्हणाला,
"साग छे. रंग मिळवला बेन, पण बोटाला कळणारच.
त्यांची लाख झाडाचा चीक,
आमची संखेड्याची, किड्याची.
एका अंगावर दोन कातड्या."

हे ऐकून मी खूश व्हायचं असतं.
दोष सापडला की भाव बोलायला जागा होते.
"पाय जोडलेत, पाठ बदलली, मग उरलं काय जुनं?
चाळीस."

आणि म्हणता म्हणता ऐकू आला
साताऱ्यातल्या एका बैठकीतला आवाज :
"जरा खिडकीपाशी या, उजेडात."
आईने लांब बाह्यांचं पोलकं शिवलं होतं,
डाव्या कोपरावर दुधाचा चटका होता म्हणून.
त्यांनी बाह्यांविषयीच विचारलं.
पोहे छान झाले होते म्हणे.

दिघेकाकांनी खणाखालची फळी उचलली :
"आणि इथं चोरकप्पा. नवरी तिचं तिचं काय ते ठेवायची."
आत ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी,
चष्म्याची डबी, अर्धी सुपारी.
कांतिलाल लाजला. सगळं उचलून खिशात कोंबलं,
पहिल्या खेपेला मावेना.

मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस."
दिघेकाका घासाघिशीच्या तयारीत होते,
त्यांचं तोंड उघडंच राहिलं.
"पण बिलावर लिहायचं : पाय सागाचे, बडोदा,
काम कांतिलाल खरादी."
"लिहिलं की माल पडतो, ताई."
"लिहा."

शेठला काय सांगायचं ते वाटेत ठरवू.

टेम्पो निघाला, गोधड्या बांधल्या,
गेटपाशी ड्रायव्हरने ब्रेक मारला.
मागून कांतिलाल धावत येत होता, हातात काहीतरी धरून :
कुलुपाची पितळी खिटी,
गोळ्यांबरोबर खिशात गेलेली.
माझ्या हातात दिली तेव्हा गरम होती.
"हिच्याशिवाय दारं मिटत नाहीत,"
धापा टाकत म्हणाला,
आणि चष्मा शोधायला खिसे चाचपू लागला.
डोक्यावरच होता.